लुईशम १९५७: लालच्या आधी दोन पिवळे असूनही ब्रेक का लागला नाही?

पॉइंट_लिव्हर यांचा प्रश्न:

४ डिसेंबर १९५७ चा लंडनजवळचा लुईशम अपघात समजून घेतोय. घटनाक्रम माहीत आहे. दाट धुकं, संध्याकाळचे ६:२०. कॅनन स्ट्रीटहून रॅम्सगेटला निघालेली वाफेची एक्सप्रेस (वेळापत्रकात ४:५६ ची) सेंट जॉन्स स्टेशन ओलांडून पुढे गेली आणि चेरिंग क्रॉस–हेज या विजेच्या लोकलवर (५:१८ ची) मागून आदळली. लोकल पार्क्स ब्रिज जंक्शनच्या लाल सिग्नलला उभी होती. धक्क्याने वरचा रेल्वे पूल एक्सप्रेसच्या डब्यांवर कोसळला. ११२ माणसं गेली.

अडतं ते इथे. तो मार्ग जुन्या हाताच्या (खांबावर वर-खाली होणाऱ्या पट्टीच्या) सिग्नलचा नव्हता, रंगीत दिव्यांचा होता. लालच्या आधी एक पिवळा, त्याच्या आधी दुहेरी पिवळा, म्हणजे दोन इशारे. धुक्यातही दिवा हातापेक्षा बराच लांबून दिसतो. मग अनुभवी ड्रायव्हरच्या हातून ओळीने दोन सिग्नल निसटतात कसे? ते धुक्याचे फटाके, डिटोनेटर, रुळावर का नव्हते? आणि धडक झाल्यावर पूल कसा काय पडला?

---

चौथा_दिवा:

आधी आकडा दुरुस्त करतो. ११२ हा हॅरो अँड वील्डस्टोनचा आकडा, ८ ऑक्टोबर १९५२. लुईशमला ९० मृत्यू आणि १७३ जखमी. दोन्ही अपघात धुक्याचे आणि दोन्हीकडे सिग्नल धोक्यावर असताना ओलांडला गेला, म्हणून आकड्यांची गल्लत नेहमी होते.

आता मुख्य प्रश्न. 'दिवा लांबून दिसतो' हे खरं, पण कुणाला आणि कुठून, हे त्यात येत नाही. एक्सप्रेसचं इंजिन होतं ३४०६६ 'स्पिटफायर', बुलीड या अभियंत्याने आखलेल्या हलक्या पॅसिफिक वर्गातलं. लांब, रुंद बॉयलर आणि त्याभोवती पत्र्याचं सपाट आवरण. ड्रायव्हरची जागा डावीकडे. त्या टप्प्यातले नेमके महत्त्वाचे सिग्नल रुळाच्या उजवीकडे.

याचा परिणाम कागदावर मांडून बघा. मोजमापं मी सोयीसाठी धरतोय, पण प्रमाण साधारण हेच येतं. समजा ड्रायव्हरचा डोळा आवरणाच्या कडेपासून फक्त ५ सेंमी बाहेर आहे आणि आवरणाचं पुढचं टोक त्याच्यापासून १० मीटरवर आहे. त्या टोकाला चाटून जाणारी नजर १० मीटरमागे ५ सेंमी उजवीकडे सरकते, म्हणजे १०० मीटरमागे अर्धा मीटर. सिग्नलचा खांब डोळ्याच्या रेषेपासून सव्वातीन मीटर उजवीकडे असेल, तर सरळ रुळावर तो ६५० मीटरच्या पलीकडे असेपर्यंतच दिसतो. त्याच्या आत आला की बॉयलरच्या आड.

स्वच्छ हवेत यात अडचण नाही. ड्रायव्हर लांबूनच सिग्नल टिपतो आणि मनात धरून ठेवतो. धुक्यात दिवा दिसू लागतो तो शेवटच्या ५० मीटरमध्ये, आणि तोवर मध्ये बॉयलर असतो. दिसण्याचं अंतर आणि झाकलं जाण्याचं अंतर यांची गाठच पडत नाही. म्हणजे 'कमी दिसतं' असा हा मामला नाही. त्या जागेवर बसून तो सिग्नल दिसूच शकत नाही.

यावर 'खिडकीतून डोकं बाहेर काढायचं' असं कुणी म्हणेल. ३० सेंमी बाहेर झुकलात तर नजर १० मीटरमागे ३० सेंमी उजवीकडे जाते, पण खांबही आता साडेतीन मीटर उजवीकडे पडतो. तरी ११७ मीटरच्या आत सिग्नल झाकलेलाच. झुकून उपयोग नाही.

मार्ग दोनच. कॅबमधून पलीकडे, उजव्या खिडकीशी जाऊन स्वतः बघायचं, नाहीतर फायरमनला सांगायचं, 'पुढचा सिग्नल तुझ्या बाजूला आहे, रंग सांग.' दोन्ही पिवळ्या सिग्नलांना यातलं काहीच झालं नाही. सेंट जॉन्सच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाचा लाल फायरमनला दिसला, तो ओरडला आणि मग ब्रेक पडला. व्हॅक्यूम ब्रेकच्या ११ डब्यांच्या गाडीला उरलेलं अंतर पुरणं शक्य नव्हतं.

---

पॉइंट_लिव्हर:

आकड्याच्या दुरुस्तीबद्दल आभार, चूक माझीच. बॉयलरचा मुद्दा पटला. पण मग ड्रायव्हरने गाडी चालू ठेवली ती कशाच्या भरवशावर? सिग्नल दिसलाच नाही तर थांबायला हवं ना?

---

चौथा_दिवा:

थांबायलाच हवं, नियम तोच सांगतो. जो सिग्नल दिसायला हवा आणि दिसला नाही, तो धोक्यावर आहे असं धरायचं. अपघाताची सरकारी चौकशी करणाऱ्या ब्रिगेडिअर लँग्ली यांचा रोख इथेच आहे. सिग्नल यंत्रणेत बिघाड नव्हता. उभ्या लोकलखालचं ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारी विजेची जोडणी) व्यापलेलं होतं, म्हणून तिच्या मागचा सिग्नल लाल, त्याच्या मागचा पिवळा, त्याच्या मागचा दुहेरी पिवळा. सगळं जसं असायला हवं तसंच. सिग्नलमनच्या केबिनमध्येही कुणाची चूक नव्हती.

पण आधीचे सिग्नल हिरवे मिळत आले होते, हेही लक्षात घ्या. हिरव्यामागून हिरवा मिळत गेला की पुढचाही हिरवाच असेल असं मन धरून चालतं, आणि धुक्यात त्या समजुतीला छेद देणारं समोर काही येत नाही. गाडी तासाभराहून अधिक उशिरा धावत होती, ते वेगळंच.

ड्रायव्हरवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. पहिल्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या वेळी तो सुटला. मला व्यक्तिशः हा सगळा भार एका माणसाच्या डोक्यावर टाकणं पटत नाही. डावीकडे बसणारा ड्रायव्हर, उजवीकडचे सिग्नल आणि मध्ये एवढा मोठा बॉयलर, ही जुळणी त्याने केलेली नव्हती.

---

फिशप्लेट:

डिटोनेटरचं मी सांगतो.

ब्रिटनमधली धुक्याची जुनी पद्धत हाताच्या सिग्नलांसाठी बेतलेली होती. केबिनपासून साधारण २०० यार्डांवर (१८० मीटर) एक ठरलेली खूण असायची, एखादा खांब किंवा सिग्नलचा दिवा. ती दिसेनाशी झाली की सिग्नलमन फॉगमन बोलवायचा. फॉगमन म्हणजे बहुतेक वेळा रुळांवर काम करणारे गँगमनच. प्रत्येकाला एक सिग्नल नेमून दिलेला, त्याच्या पायथ्याशी छोटी खोपटी आणि शेकोटी. डिस्टंट सिग्नलचा (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्याचा) हात सावधानतेवर असेपर्यंत रुळाच्या माथ्यावर डिटोनेटर ठेवायचा, त्याच्या शिशाच्या पट्ट्या रुळाच्या कडांखाली वळवून घट्ट बसवायच्या आणि हातात पिवळा कंदील धरायचा. हात उतरला की डिटोनेटर काढून घ्यायचा आणि हिरवा कंदील दाखवायचा. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की जो धडाका होतो तो बंद कॅबमध्ये, वाफेच्या आवाजातही ऐकू येतो. कान वापरला जातो, हा त्याचा मोठा फायदा.

रंगीत दिव्यांच्या विभागात हे चालत नाही. सिग्नल जवळजवळ असतात, प्रत्येकापाशी एक माणूस लागेल. गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी गाडी, तेवढ्या वेळात रंग बदलणार, आणि तेवढ्या वेळा माणूस अंधारात, धुक्यात रुळावर वाकणार. शेजारी विजेचा तिसरा रूळ, ६०० व्होल्टच्या वरचा. त्यामुळे 'दिवा पुरेसा तेजस्वी आहे, माणसाची गरज नाही' असं ठरलं, आणि रंगीत दिव्यांच्या विभागात फॉगमन नेमणं सर्वसाधारणपणे बंद झालं. विजेच्या लोकलच्या दृष्टीने हे योग्यच होतं. तिथे मोटरमन अगदी पुढे, काचेमागे बसतो, समोर बॉयलर नाही. त्याच मार्गावर वाफेची एक्सप्रेसही धावते, तिच्या ड्रायव्हरला काय दिसतं, हा विचार राहून गेला.

आणि धुकं म्हणजे नुसतं पाण्याचं धुकं समजू नका. ते कोळशाच्या धुराचं लंडन होतं. स्वच्छ हवेचा कायदा १९५६ मध्ये झाला होता, पण घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या एका वर्षात जात नाहीत. अशा मिश्रणात दिव्याचा झोत फार लवकर विझतो.

---

गर्डर_आणि_रिव्हेट:

पुलाबद्दल.

आधी वस्तुमान बघू. इंजिन आणि टेंडर (त्याच्यामागची कोळसा-पाण्याची गाडी) मिळून सुमारे १३० टन, ११ डबे धरले की गाडी ५०० टनांच्या आसपास. वेग ताशी ३० मैल, म्हणजे सेकंदाला १३.४ मीटर. गतिज ऊर्जा निघते ४५ मेगाज्यूल. ती कुठेतरी जिरणारच.

लोकल १० डब्यांची होती आणि चढावर उभी असल्याने तिचे ब्रेक लावलेले होते. हे फार महत्त्वाचं. ब्रेक सुटलेले असते तर गाडी थोडी पुढे ढकलली जाऊन धक्का लांबला असता. जखडलेली गाडी हलत नाही, मग डबेच दबतात. पण चुरा झाला तो शेवटच्या डब्याचा नव्हे. नववा डबा आठव्यात घुसला आणि आठव्याचा पूर्ण चेंदामेंदा झाला. एका डब्याची चौकट पुढच्याच्या चौकटीवर चढली की खाली पोलादाला पोलाद राहत नाही. चढलेली चौकट वरच्या पत्र्याच्या सांगाड्यातून सुरी फिरावी तशी जाते. घरी परतण्याची वेळ होती, सगळी लोकल खच्चून भरलेली, माणसं उभी.

आता एक्सप्रेसची बाजू. इंजिन अडलं, मागचे डबे मात्र पुढे रेटतच होते. सगळ्यात कमकुवत जागा म्हणजे टेंडर आणि पहिला डबा यांच्यामधली. तिथे गाडी बाजूला वाकली, टेंडर आणि पहिल्या डब्याचं टोक रुळाबाहेर फेकलं गेलं आणि पुलाच्या पोलादी खांबावर आदळलं. हा पूल लुईशम–ननहेड मार्ग वरून नेत होता. मधला खांब वरून येणारं वजन पेलण्यासाठी असतो, आडवा धक्का सोसण्यासाठी नाही. तो निखळला आणि सुमारे ३५० टनांचा पूल एक्सप्रेसच्या पुढच्या डब्यांवर बसला. म्हणजे एक्सप्रेसमधली बरीच माणसं धडकेने नव्हे, त्यानंतर काही क्षणांनी पुलाखाली गेली.

वाचलं ते इतकंच की होल्बर्न व्हायाडक्टहून डार्टफर्डला जाणारी लोकल तेवढ्यात पुलाकडे सावकाश येत होती. तिच्या मोटरमनला गर्डर वाकडे झालेले दिसले आणि त्याने गाडी रोखली. पहिला डबा कलला, पण खाली आला नाही. त्याच दाट धुक्यात, रात्री, कमी वेगात आणि समोर मोकळी काच असताना माणसाला काय दिसू शकतं, हे त्याच जागी त्याच मिनिटाला दिसून आलं.

रुळांजवळचे मोकळे खांब हा पूल बांधणाऱ्यांसाठी आजही जिव्हाळ्याचा विषय आहे. खांबाऐवजी सलग भिंत, किंवा खांबाच्या पायाशी गाडी घसटत पुढे जाईल असा भक्कम काँक्रीटचा कठडा, हे उपाय अशा अपघातांसाठीच असतात.

---

पॉइंट_लिव्हर:

नवव्याने आठव्याला खाल्लं, हे माहीत नव्हतं. शेवटचा प्रश्न. कॅबमध्ये इशारा देणारी यंत्रणा, एडब्ल्यूएस, तेव्हा तयार होती ना? हॅरोनंतर पाच वर्षं झाली होती. ती असती तर हा अपघात टळला असता का?

---

सायरन_आणि_घंटा:

तयार होती. ग्रेट वेस्टर्नने तर १९०६ पासून स्वतःची पद्धत वापरली. दोन रुळांच्या मध्ये लांब उतरता पट्टा, त्यावर इंजिनाखालचा बूट घासत जातो. पट्ट्यात वीज असेल तर घंटा, नसेल तर सायरन आणि ब्रेक. हॅरोच्या अपघातानंतर ब्रिटिश रेल्वेने स्पर्श न होणारी, चुंबकाची पद्धत पुढे रेटली आणि १९५६ मध्ये तिला मंजुरी मिळाली. पण बसवण्याच्या क्रमात आधी हाताच्या सिग्नलांचे मुख्य मार्ग घेतले. रंगीत दिव्यांच्या मार्गांवर धोका कमी, असा हिशेब होता. सदर्न रेल्वेचा कल तर आधीपासूनच असा, की कॅबमधल्या यंत्रापेक्षा तोच पैसा रंगीत दिव्यांवर घालावा. म्हणून लुईशमला ती नव्हती. या अपघातानंतर कामाला वेग आला.

असती तर काय झालं असतं, ते क्रमाने सांगतो.

सिग्नलच्या सुमारे २०० यार्ड आधी, दोन्ही रुळांच्या मध्ये दोन चुंबकं असतात. आधी कायमचं चुंबक येतं, मग विद्युतचुंबक. कायमच्या चुंबकावरून जाताना इंजिनाखालचा रिसीव्हर नेहमीच सक्रिय होतो. त्यानंतर सेकंदभरात विद्युतचुंबक भेटलं, तर सिग्नल हिरवा, कॅबमध्ये घंटा वाजते आणि यंत्र पूर्वस्थितीला येतं. विद्युतचुंबकाला वीज मिळते फक्त सिग्नल हिरवा असताना. पिवळा, दुहेरी पिवळा किंवा लाल असेल तर ते मेलेलं असतं, आणि भोंगा सुरू होतो. ड्रायव्हरने दोन-तीन सेकंदांत बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागतो. दाबलं तर भोंगा थांबतो, पण समोरची काळी तबकडी पिवळ्या-काळ्या पाकळ्यांची होते, म्हणजे 'इशारा तू मान्य केला आहेस' ही खूण डोळ्यांसमोर राहते. वायर तुटली, बॅटरी उतरली, तरी भोंगाच वाजणार. बिघाड नेहमी सुरक्षित बाजूला, हा त्यातला सगळ्यात सुंदर भाग.

आता ताशी ३० मैलांनी २०० यार्ड कापायला साडेतेरा सेकंद लागतात. म्हणजे दुहेरी पिवळ्याच्या तेरा सेकंद आधी भोंगा वाजला असता, सिग्नल कुठल्या बाजूला आहे आणि बॉयलर किती रुंद आहे याच्याशी काहीही संबंध न ठेवता. पिवळ्याला पुन्हा तेच. लालला तिसऱ्यांदा. माझ्या मते पहिल्या भोंग्यालाच गाडी मंदावली असती.

---

फिशप्लेट:

सहमत, पण एक पुरवणी जोडायलाच हवी. दुहेरी पिवळा, पिवळा आणि लाल, तिन्हींना भोंगा एकच. गर्दीच्या मार्गावर ड्रायव्हर पिवळ्यांच्या मागे पिवळे घेत चालतो, दर मिनिटा-दोन मिनिटांनी बटण दाबतो. हाताला सवय लागते आणि बटण डोक्याशिवाय दाबलं जातं. ४ मार्च १९८९ ला पर्लीला हेच झालं. ड्रायव्हरने इशारे रद्द केले आणि लाल ओलांडून पुढच्या गाडीवर आदळला, ५ मृत्यू.

---

सायरन_आणि_घंटा:

बरोबर, ती मर्यादा खरीच आहे. बटण दाबलं की ब्रेकचा निर्णय पुन्हा माणसाकडे. त्यावरचा उपाय टीपीडब्ल्यूएस. त्यात लाल सिग्नलपाशी रुळांमध्ये वायरच्या चौकटी असतात. लाल ओलांडला की ब्रेक लागतोच, आणि सिग्नलच्या आधीच्या चौकटींवर वेग जास्त असेल तर तिथेच लागतो. तो बटणाने टाळता येत नाही. साउथॉल (१९ सप्टेंबर १९९७, ७ मृत्यू, एडब्ल्यूएस बंद करून ठेवलेली गाडी) आणि लॅडब्रोक ग्रोव्ह (५ ऑक्टोबर १९९९, ३१ मृत्यू) यांच्यानंतर तो देशभर बसवला गेला.

लुईशमपुरतं मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. सवयीने बटण दाबण्यासाठी आधी ओळीने इशारे मिळालेले असावे लागतात. या गाडीला त्या आधी हिरवेच मिळत आले होते. अंगवळणी पडलेल्या घंटेनंतर अचानक आलेला भोंगा कान चुकवत नाही.

तिसऱ्या रुळाच्या मार्गांवर आणखी एक भानगड आहे. ओढविजेचा प्रवाह स्वतःच चुंबकीय क्षेत्र तयार करतो. म्हणून तिथे जास्त ताकदीची चुंबकं घालतात आणि त्यांना हिरवा रंग देतात. बाकीकडे पिवळा. रुळांमध्ये हिरवी पेटी दिसली तर ती कशासाठी, हे ओळखायला सोपं जातं.

---

गर्डर_आणि_रिव्हेट:

कुणी इंजिनाचं पुढे काय झालं असं विचारायच्या आत: ३४०६६ भंगारात गेलं नाही. दुरुस्त करून पुन्हा रुळावर आणलं आणि ते १९६६ पर्यंत धावलं.